मोटारहोमच्या मागे पिकअप बांधून न्यायची आहे? फ्लॅट टोइंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात माझं गिअरबॉक्सचं गॅरेज आहे आणि मावसभाऊ अमेरिकेत अ‍ॅरिझोनाला असतो, त्याच्याकडे मोटारहोम (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) आहे आणि तिच्यामागे तो पिकअप बांधून फिरतो. मी दोनदा त्यांच्याबरोबर महिना महिना फिरलोय आणि गाडी बांधायचं-सोडायचं काम माझ्याकडेच होतं. तेव्हापासून दोन तऱ्हेचे लोक मला विचारत असतात, एक म्हणजे ज्यांची मुलं-जावई अमेरिका-कॅनडात आहेत आणि आता मोटारहोम घ्यायच्या विचारात आहेत, आणि दुसरे इथलेच, ज्यांनी कॅम्परव्हॅन करून घेतलीय आणि मागे पिकअप ओढत न्यावी असं ज्यांना वाटतं. प्रश्न तेच तेच येतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

फ्लॅट टोइंग म्हणजे नेमकं काय?

मागच्या गाडीची चारही चाकं रस्त्यावर, ट्रेलर नाही, डॉली (फक्त पुढची चाकं उचलणारी छोटी गाडी) नाही, पुढे फक्त एक लोखंडी टो बार. मागच्या गाडीत कोणी बसलेलं नसतं, इंजिन बंद, स्टिअरिंग मोकळं, आणि ती पुढच्या गाडीच्या वळणाप्रमाणे आपोआप वळत येते. तिकडे याला डिंगी टोइंग पण म्हणतात. मोटारहोम एकदा कॅम्पग्राउंडला लावली, पाणी-वीज जोडली की ती परत हलवायची नसते, मग दूध आणायला, डॉक्टरकडे जायला, डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर जायला ही मागची गाडी लागते. फोर बाय फोर पिकअप असेल तर सायकली, लाकडं, जनरेटर सगळं मागच्या हौद्यात मावतं म्हणून लोक पिकअप घेतात.

हे गोव्यात करता येईल का?

चांगल्या चालत्या गाडीला नाही. आपल्याकडे १९८९ च्या रूल्स ऑफ द रोडमधे स्पष्ट लिहिलं होतं की बिघडलेली किंवा अर्धवट जोडलेली गाडी, नोंदणी केलेला ट्रेलर आणि साइडकार सोडून दुसरं काही ओढायचं नाही, आणि बिघडलेली गाडीसुद्धा जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंतच. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर लायसन्सवाला माणूस बसलेला हवा, नाहीतर तिची पुढची चाकं क्रेनने उचललेली हवीत, दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको, मागे पांढऱ्यावर काळ्या अक्षरात 'ऑन टो' लिहिलेलं हवं, अक्षरं किमान ७५ मिलिमीटर उंच, आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत, असं त्यात होतं. २०१७ ला नवे ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आले तरी मूळ विचार तोच राहिला. आता तुम्ही सांगा, एनएच ६६ वर पत्रादेवीपासून पोळेपर्यंत एवढ्या हळू जायचं आणि मागच्या गाडीत एक माणूस बसवून ठेवायचा, त्याला कोण फिरायला जाणं म्हणेल? इथे कॅम्परव्हॅन असेल तर पिकअप दुसऱ्याने चालवत आणावी किंवा पोचल्यावर भाड्याची स्कूटर घ्यावी, गोव्यात तेवढी सोय सगळीकडे आहे.

म्हणून खालचं बरंचसं तिकडच्या रस्त्यांसाठी आहे. पण गिअरबॉक्सचा भाग मात्र इथल्या प्रत्येक पिकअपवाल्याने वाचा, कारण दोरी बांधून गाडी ओढणं इथे रोज चालू असतं.

न्यूट्रलमधे टाकली की झालं ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आपल्या साध्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपचा मॅन्युअल गिअरबॉक्स घ्या. आत तळाशी तेल असतं, त्यात लेशाफ्टचे, म्हणजे इंजिनच्या बाजूने फिरणाऱ्या खालच्या दांड्याचे, गिअर बुडलेले असतात, इंजिन चालू असलं की लेशाफ्ट फिरतो आणि तेल उडवून वर मेन शाफ्टवर, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर, टाकतो. वेगळा पंप बहुतेक बॉक्समधे नसतोच, हे उडणारं तेलच सगळं काम करतं. आता इंजिन बंद करा, न्यूट्रल टाका आणि गाडी ओढा. मागची चाकं फिरतात, चाकांमुळे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) फिरतो, त्याच्यामुळे मेन शाफ्ट फिरतो, पण लेशाफ्ट जागच्या जागी उभा. म्हणजे मेन शाफ्ट गरगर फिरतोय, त्याच्यावरचे गिअर थांबलेले आहेत, मधली नीडल बेअरिंग (सुयांसारख्या बारीक रोलरची) घासली जातायत आणि तेल खाली शांत पडलंय. न्यूट्रल म्हणजे इंजिनपासून सुटका, गिअरबॉक्सची सुटका नव्हे.

एका चवथीच्या आधी माझ्याकडे भाजीची पिकअप आली होती. बेळगावहून माल घेऊन येताना खानापूरच्या पुढे क्लच गेला, सणाचे दिवस, माल नासेल म्हणून ओळखीच्या ट्रकवाल्याने दोरी बांधली आणि अनमोड उतरून थेट फोंड्यापर्यंत ओढत आणली, ती पण ट्रकच्या नेहमीच्या वेगाने. क्लच प्लेट दुसरीकडे बसवून घेतली, गाडी चालू झाली, सगळे खूश. दोन दिवसांनी तिसऱ्या गिअरला किरकिर, मग गिअर अडकायला लागला, तेव्हा माझ्याकडे आले. मी ड्रेन प्लग काढला तर तेल अगदी पूर्ण लेव्हलला, फक्त त्यात चांदीसारखा बारीक चुरा तरंगत होता. मेन शाफ्ट बाहेर काढला, तिसऱ्या गिअरखालचं नीडल बेअरिंग निळं पडलेलं, सुया शाफ्टला अशा चिकटलेल्या की स्क्रू ड्रायव्हरने खरवडल्या तरी सुटत नव्हत्या. पिकअप घेऊन आलेल्या पोराने मला तीनदा विचारलं की अंकल, तेल तर भरलेलं होतं ना, मग असं कसं झालं. तेल होतं रे, पण ते वर न्यायला कोणी नव्हतं.

म्हणून कुठलीही गाडी ओढायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: इंजिन बंद असताना चाकं फिरली तर आतलं तेल कोण फिरवणार? याचं उत्तर मिळालं की बाकी सगळं लोखंड आणि वायरिंग, ते विकत मिळतं.

मग कुठली पिकअप चालते?

जिच्या ट्रान्सफर केसमधे खरा न्यूट्रल आहे आणि जिच्या ओनर्स मॅन्युअलमधे कंपनीने स्वतः परवानगी लिहिलीय, ती. दोन्ही गोष्टी पाहिजेत, एक असून चालत नाही.

ट्रान्सफर केस म्हणजे फोर बाय फोरमधला तो डबा जो गिअरबॉक्सनंतर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देतो. तो न्यूट्रलला गेला की चाकं आणि गिअरबॉक्स यांचा संबंधच तुटतो, शाफ्ट फिरतात ते ट्रान्सफर केसपर्यंत, पुढे गिअरबॉक्स पूर्ण स्थिर. आणि बऱ्याच ट्रान्सफर केसमधे तेलाचा छोटा पंप आउटपुट शाफ्टवरच असतो, त्यामुळे चाकं फिरली की तेलही फिरतं.

अमेरिकेत या कामाला जीप ग्लॅडिएटर लोकप्रिय आहे, तिच्या ट्रान्सफर केसच्या लिव्हरलाच एन, म्हणजे न्यूट्रल, आहे. फोर्ड एफ-१५० फोर बाय फोर चालते, तिच्यात न्यूट्रल टो नावाचा मोड स्क्रीनवरून लावायचा असतो, पण टू व्हील ड्राइव्ह एफ-१५० नको. शेवरले सिल्वराडो आणि रॅम १५०० मधे दोन स्पीडवाली, न्यूट्रल असलेली ट्रान्सफर केस असेल तर जमतं, एक स्पीडवाली असेल तर नाही, आणि बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात! जुनी पिकअप घेताना इथेच लोक फसतात, जाहिरातीत फोर बाय फोर वाचलं की पैसे देऊन मोकळे. गाडीत बसून एन आहे का ते स्वतःच्या डोळ्याने बघा.

ऑटोमॅटिक टॅकोमाला टोयोटा नको म्हणते. आपल्याकडची इसुझु व्ही-क्रॉस किंवा हायलक्स बघितली तर डायलवर २एच, ४एच, ४एल एवढंच आहे, ड्रायव्हरला वापरता येईल असा एन नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला वेगळं काय?

त्याच्यात तेलाचा पंप असतो पण तो इंजिनच्या बाजूने फिरतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि ओढताना आतल्या क्लच प्लेटा आणि बुश कोरडे घासतात. मॅन्युअलपेक्षा लवकर आणि मॅन्युअलपेक्षा महाग नुकसान. ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तर हा प्रश्न येत नाही, कारण बॉक्स फिरतच नाही, म्हणूनच जीपमधे ट्रान्सफर केस न्यूट्रल करून ऑटोमॅटिक पार्कमधे ठेवायला सांगतात, आणि मॅन्युअल असेल तर गिअरमधे. पहिल्यांदा हे ऐकलं की माणूस घाबरतो, पार्कमधे ठेवून ओढायची? हो, पण ट्रान्सफर केस न्यूट्रलला गेलीय याची खात्री करूनच. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते, एकाची दुसऱ्याला लावू नका.

सीव्हीटी आणि इलेक्ट्रिकचं काय?

बहुतेक ठिकाणी नाहीच. होंडा सीआर-व्ही २०१४ पर्यंत मोटारहोमवाल्यांची आवडती होती, २०१५ ला सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) आला आणि कंपनीने परवानगी काढून घेतली. तीच गाडी, तेच नाव, एका वर्षाचा फरक, म्हणून वर्ष बघून ओनर्स मॅन्युअल वाचा. इलेक्ट्रिकमधे चाक फिरलं की मोटर फिरते आणि मोटर फिरली की वीज तयार होते, त्या गाड्या फ्लॅटबेडवरच, म्हणजे चारही चाकं वर घेणाऱ्या सपाट ट्रकवर.

बांधायला काय काय लागतं?

पिकअपच्या पुढे बेस प्लेट. ही बंपरला नाही, चॅसिसला बोल्ट होते, बसवायला बरेचदा पुढचा बंपर पूर्ण उतरवावा लागतो. मग टो बार, हल्लीचे बार दोन हातांचे असतात, हात आत-बाहेर सरकतात त्यामुळे गाडी थोडी वाकडी उभी असली तरी पिन बसते, नंतर पुढे दोन-चार मीटर चालवलं की हात आपोआप लॉक होतात. सेफ्टी केबल दोन, बारच्या खालून एकमेकींना छेद देऊन, म्हणजे बार निसटला तर तो केबलांवर टेकतो, रस्त्यात रुतत नाही. मागच्या लाईटसाठी वायर. ब्रेकची सिस्टिम. आणि ब्रेक-अवे स्विच, गाडी सुटली तर स्वतःहून ब्रेक मारणारा.

टो बार जमिनीला समांतर पाहिजे. मोटारहोमचा हिच (मागचा जोड, ज्यात बार बसतो) आणि पिकअपची बेस प्लेट यांच्या उंचीत तीन-चार इंचांपेक्षा जास्त फरक असेल तर ड्रॉप अडॅप्टर घ्या. फोर बाय फोर पिकअप उंच असते, त्यात कोणी गाडी आणखी उंच करणारं लिफ्ट किट लावलेलं असेल तर हे नक्की तपासा, कारण जोरात ब्रेक मारल्यावर उंच गाडी पुढच्या गाडीवर चढायला बघते.

वजनाचा हिशोब कसा करायचा?

हा नीट करा, विक्रेता कधीच पूर्ण सांगत नाही. चार आकडे असतात: टो बारची क्षमता, बेस प्लेटची, हिचची, आणि मोटारहोमच्या चॅसिसची एकूण जोडवजनाची मर्यादा. यातला सगळ्यात लहान आकडा तुमचा.

उदाहरण देतो. फोर्डच्या एफ-५३ चॅसिसवरच्या बऱ्याच पेट्रोल मोटारहोमना स्वतःची मर्यादा २२,००० पौंड आणि जोडीची मर्यादा २६,००० पौंड असते, म्हणजे अंदाजे ९,९८० आणि ११,७९० किलो. मोटारहोम पूर्ण भरली, पाण्याची टाकी, कपडे, माणसं, सगळं धरून, तर मागे उरले ४,००० पौंड, १,८१४ किलो. हिचवर मात्र ५,००० पौंड लिहिलेलं असतं आणि लोक तेवढंच बघतात. फोर बाय फोर ग्लॅडिएटर रिकामीच २,००० किलोच्या वर जाते, मग ती या गाडीमागे कशी बसणार? एकतर मोटारहोम हलकी भरायची नाहीतर मोठी चॅसिस घ्यायची. आणि पिकअपच्या हौद्यात टाकलेलं सामान पिकअपच्या वजनात मोजायचं, हे मुद्दाम सांगतोय कारण मावसभावाने पण पहिल्या वर्षी मोजलं नव्हतं, आम्ही वजनकाट्यावर गेलो तेव्हा कळलं.

मोटारहोमचे ब्रेक एवढे मोठे, मागच्या गाडीला वेगळा ब्रेक कशाला?

कारण ते ब्रेक मोटारहोमच्या वजनासाठी बनवलेत, त्यात आणखी दोन टनांची गाडी मागून ढकलत असते. अमेरिकेत आणि कॅनडात कायदा राज्याप्रमाणे बदलतो, पुष्कळ ठिकाणी ३,००० पौंडाच्या वर म्हणजे अंदाजे १,३६० किलोच्या वर ब्रेक सक्तीचा, आणि पिकअप बहुतेक तेवढी भरतेच. कायदा नसला तरी लावा.

दोन प्रकार दिसतात. एक पेटीसारखा, ड्रायव्हर सीटच्या पुढे ठेवायचा, पेटीचा दांडा ब्रेक पॅडल दाबतो. दुसरा कायमचा बसवलेला, महाग पण रोज जोडायची कटकट नाही. पेटी वापरत असाल तर सीट किती पुढे घेतली ते बघा. एकदा आमच्याकडून सीट एक खाच जास्त पुढे आली, दांडा पॅडलला कायम टेकून राहिला आणि ब्रेक सतत थोडासा लागलेला. पुढे मोटारहोममधे काहीच जाणवलं नाही, एवढ्या मोठ्या गाडीला काय कळणार. डिझेल घ्यायला थांबलो तेव्हा जळका वास आला, मी खाली उतरून पुढच्या चाकाजवळ हात नेला तर वीतभर लांबून धग लागत होती, रिम निळसर पडलेली. दोन्ही डिस्क आणि पॅड बदलावे लागले. तेव्हापासून निघाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत थांबून चारही चाकांजवळ हात नेऊन बघायचं हा आमचा नियम आहे.

मागच्या गाडीत कोणी बसलं तर चालतं का, आजी-आजोबांना तिथे आरामात बसता येईल?

नाही, कोणालाच बसवू नका. इंजिन बंद, स्टिअरिंग त्यांच्या हातात नाही, हाक मारली तरी पुढे ऐकू येत नाही. इथल्या दोरीच्या टोइंगमधे माणूस बसवावा लागतो कारण दोरी फक्त ओढते, थांबवत नाही. बार दोन्ही करतो.

स्टिअरिंग लॉक, लाईट आणि बॅटरी?

स्टिअरिंग लॉक झालं तर पुढची चाकं वळणावर फरफटत येतात आणि टायर एका दिवसात संपतात. जुन्या गाड्यांना किल्ली अ‍ॅक्सेसरीवर ठेवावी लागते, त्याने बॅटरी उतरते, म्हणून मोटारहोमकडून चार्जिंगची एक वायर टाकून घ्या. लाईटची वायर जोडताना मधे डायोड लागतात, नाहीतर मोटारहोमचा करंट उलटा पिकअपच्या इलेक्ट्रॉनिक्समधे शिरतो.

रिव्हर्स घेता येतो का?

नाही. थोडासा पण नाही. मागे ढकललं की पिकअपची पुढची चाकं स्वतःहून एका बाजूला पूर्ण वळतात, गाडी आडवी होते आणि सगळा जोर बारवर तिरका येतो, बार वाकतो. चुकीच्या गल्लीत शिरलात तर खाली उतरा, पिकअप सोडा, दोन्ही गाड्या वेगळ्या बाहेर काढा. पेट्रोल पंपावर शिरायच्या आधी बाहेर पडायचा रस्ता दिसतोय का ते बघायचं, हे तिकडे सवयीने डोक्यात बसतं. सोडताना शक्यतो सपाट जागी आणि दोन्ही गाड्या सरळ रेषेत असताना सोडा, वळणावर किंवा चढावर हात ताणलेले असतात आणि पिन निघतच नाही.

घाटात कसं वाटतं?

चढाला त्रास नाही, हळू जाता. उतार मात्र डोक्यात ठेवून उतरायचा. कोलोराडोत आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, म्हणजे ३,४०१ मीटर, आणि तिथून खाली येताना मैलोन्‌मैल उतार. आपला अनमोड किंवा चोर्ला त्यापुढे छोटा, पण वळणं आपल्याकडे जास्त आवळ. पद्धत तीच जी आपले जुने ट्रक ड्रायव्हर वापरतात, ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं. वरूनच खालचा गिअर, इंजिन ब्रेकवर, पायाचा ब्रेक थोडा वेळ घट्ट मारून सोडायचा, घासत ठेवायचा नाही.

किती वेगाने, आणि मधे थांबावं लागतं का?

ओनर्स मॅन्युअलमधे वेगाची मर्यादा असेल तर तीच. काही गाड्यांना ठराविक तासांनी इंजिन चालू करून गिअर फिरवायला सांगितलेलं असतं, तिथे आळस करू नका. आम्ही दर दोन तासांनी थांबायचो, पिना, केबल, टायर बघायचो. मागच्या गाडीचा टायर पंक्चर झाला तर पुढे अजिबात कळत नाही, तो फाटून रिमवर येईपर्यंत तुम्ही गाणी ऐकत जाता, त्यामुळे चारही टायरना प्रेशर सेन्सर लावा.

न्यूट्रल खरंच लागलंय हे कसं ओळखायचं?

इंजिन चालू, ब्रेक दाबून ट्रान्सफर केस न्यूट्रल, मग डी टाका, ब्रेक सोडा, गाडी हलता कामा नये. मग आर टाकून तेच. जराही हलली तर लागलेलं नाही, परत करा. हे करताना गाडी बारला आधीच जोडलेली हवी, कारण ट्रान्सफर केस न्यूट्रलला गेली की पार्कसुद्धा गाडी धरून ठेवत नाही, उतारावर असेल तर ती चालू लागते.

टू व्हील ड्राइव्ह पिकअप असेल तर काहीच मार्ग नाही?

आहेत. प्रोपेलर शाफ्ट काढायचा, मग चाकं फिरली तरी गिअरबॉक्सपर्यंत काही पोचत नाही. काही गाड्यांत शाफ्ट काढल्यावर गिअरबॉक्सच्या मागून तेल गळतं, तिथे बूच लावावं लागतं, आणि परत बसवताना आधी खूण करून ठेवलेल्या जागीच बसवा नाहीतर गाडी थरथरते. रोज फिरायला हे कोणी करत नाही, पण बंद पडलेल्या गाडीला छान. नाहीतर ट्रेलर, वजन वाढतं पण डोकेदुखी नाही.

इथे गोव्यात माझी पिकअप बंद पडली तर काय सांगू?

फोनवर पहिलं वाक्य हे: फ्लॅटबेड पाठवा. हुकवाली क्रेन आली तर मागची चाकं उचलायला सांगा, पुढची नव्हे, कारण आपल्या पिकअपला ताकद मागे आहे, आणि स्टिअरिंग सरळ बांधून घ्या. फोर बाय फोर असेल तर फ्लॅटबेडशिवाय हलवू देऊ नका. दोरीशिवाय इलाज नसेल, म्हणजे पावसात रात्री मोल्यांच्या पुढे अडकलात आणि दुसरं काही येतच नाही, तर फक्त सुरक्षित जागेपर्यंत, हळू, आणि इंजिन चालू होत असेल तर चालूच ठेवा, न्यूट्रलमधे, क्लचवरचा पाय काढून. लेशाफ्ट फिरत राहतो, ब्रेक आणि स्टिअरिंगही हलकं राहतं. इंजिन चालूच होत नसेल आणि लांब जायचं असेल, तर तिथेच रस्त्याच्या कडेला प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट खोलायला सांगा, पण आधी चाकांखाली मोठे दगड लावून घ्या. पाने असलेल्या मेकॅनिकला अर्धा तास लागतो. बोल्ट डब्यात टाका, आणि शाफ्ट हौद्यात दोरीने बांधून ठेवा.